ठिगळीच्या खांद्यामागची गाठ

मित्रांनो, फणी म्हणून मी आता जुनी झाले, पण माणसाच्या डोक्याला मी कधी लागले नाही. उवा, कोंडा, तेल यांतलं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. मी मांजराची फणी आहे, आणि खरं सांगायचं तर एकाच मांजराची. तिचं नाव ठिगळी. ती आता नाही. माझी गोष्ट सांगायची तर तिचीच सांगावी लागते, तेव्हा जरा धीर धरून ऐका.

माझा जन्म एका छोट्याशा कारखान्यात झाला. धरायला लाकडी मूठ आणि पोलादाचे एकतीस दात, असा माझा थाट होता. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. तयार झालेली प्रत्येक फणी त्या स्वतःच्या मनगटावर, आतल्या बाजूला, ओढून बघायच्या. लाल ओरखडा उठला की फणी परत घासायच्या चाकावर जायची. मी दोनदा परत गेले. माझा एक कडेचा दात फार आगाऊ होता. तिसऱ्या वेळी त्या शेजारणीला म्हणाल्या, "आता कुठे हिला वळण लागलं," आणि मला खोक्यात भरलं.

मला विकत घेतलं ते एका घड्याळजींनी. त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर काचेच्या बाटल्यांत बारीक बारीक स्क्रू, चिमटे, कानशी, आणि डोळ्यावर बसवायचं काळं भिंग. मागच्या दोन खोल्यांत त्यांची थोरली बहीण, अक्का. दोघांनाही मागेपुढे कोणी नव्हतं. एकमेकांशी भांडून दिवस मजेत घालवायचे. गल्लीतले सगळे घड्याळजींना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते.

ठिगळी तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. अंग पांढरं, पाठीवर दोन तपकिरी डाग आणि कानामागे एक काळा. अक्का म्हणाल्या, "ही काय, उरल्यासुरल्या कापडांची ठिगळं लावून शिवलीय जशी." झालं, तेच नाव पडलं.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी काका तिला टेबलावर घ्यायचे आणि मला हातात. काय हलका हात होता त्यांचा! तांदळाहून लहान स्क्रू बसवणारी बोटं ती. मानेपासून शेपटीपर्यंत मी अशी जायचे की ठिगळी डोळे मिटून गुरगुरायला लागायची आणि ती गुरगुर माझ्या मुठीपर्यंत पोहोचायची. एकदा एक गिऱ्हाईक लवकर आलं. ते दारात उभं राहून बघत राहिलं आणि म्हणालं, "काका, घड्याळ राहू द्या, माझेच केस विंचरा." काका म्हणाले, "आधी उगवू तर द्या." ते गिऱ्हाईक टकलं होतं. अक्का आतून कितीतरी वेळ हसत होत्या.

अशी अकरा वर्षं गेली. ठिगळीच्या अंगाचा इंच न् इंच मला पाठ झाला. डाव्या कानाच्या मागे बोक्याशी झालेल्या भांडणाची जुनी खूण होती. हनुवटीखाली विंचरलं की ती मान वर करायची. पोटाकडे गेलेलं मात्र तिला खपत नसे. तिच्याबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं कोणालाच नव्हतं, याचा मला गर्व होता. असायलाच हवा होता.

बाराव्या वर्षी एका सकाळी, उजव्या खांद्यामागे, माझे मधले तीन दात अडले.

ठिगळीने बारीकसा आवाज काढला आणि अंग चोरलं. काकांनी केस बाजूला केले, भिंग लावलं. कातडीवर एक गुलाबी, टणक गाठ होती. असेल तांदळाच्या दाण्याएवढी.

अक्का वाकून म्हणाल्या, "गाठ आहे रे ही. दाखवून आण."

"चामखीळ आहे," काका म्हणाले. "माझ्या मानेवर चाळीस वर्षं एक आहे. मी काय दगावलो? वय झालं की येतात."

"तू काय मांजर आहेस?"

काका हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "डॉक्टरकडे नेली की तीन दिवस कपाटाखालून बाहेर येत नाही ती. मागच्या वेळी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. चामखिळापायी कशाला तो छळ? पुढच्या आठवड्यात बघू."

पुढचा आठवडा आला आणि गेला. अक्का आणखी दोनदा म्हणाल्या. मग त्यांनीही नाद सोडला.

मी मात्र रोज अडत होते. काका जपून हात फिरवायचे, तरी अडायचेच. शेवटी असं झालं की मला बघितलं की ठिगळी टेबलावरून उडी मारून पळायची. मित्रांनो, अकरा वर्षं जी तुमच्यासाठी डोळे मिटून बसली ती तुम्हाला बघून पळू लागली तर कसं वाटतं, ते कसं सांगू? काकांचाही जीव कासावीस झाला. आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त घड्याळ दुरुस्त करणाराच करू शकतो. ज्यांच्या टेबलावर आलेली कुठलीही अडणारी वस्तू अडायची थांबल्याशिवाय जात नसे, त्यांनी मला टेबलावर आडवं केलं. भिंग लावून नेमके कुठले दात अडतात ते शोधलं आणि पकडीने ते तिन्ही उपटले. मग मोकळी जागा कानशीने गुळगुळीत केली.

मला त्यांचा राग आला नाही. तिला दुखू नये म्हणून केलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी मी ठिगळीच्या पाठीवरून गेले आणि ती गाठ त्या मोकळ्या जागेतून अलगद निसटली. ठिगळी पुन्हा गुरगुरली. काका म्हणाले, "झालं की नाही काम? उगाच डॉक्टर डॉक्टर." अक्का म्हणाल्या, "तुझ्या हाताला मानलं बाबा." आणि लपवत नाही, मीही फुशारले. वाटलं, तीन दात गेले तर गेले, माझं मांजर तर परत आलं.

त्यानंतर त्या गाठीचं नाव घरात कोणी काढलं नाही.

पण गाठ काही गप्प बसली नव्हती. चार महिन्यांनी मोकळ्या जागेच्या दोन्ही काठांवरचे दात तिला लागू लागले. ती आता वाटाण्याएवढी झाली होती. मला ते कळत होतं, रोज कळत होतं. पण फणीने करायचं काय? मी पुन्हा अडले. मुद्दाम अडले म्हणा हवं तर. काकांनी सुस्कारा सोडला, पक्कड घेतली आणि आणखी चार दात काढले. या वेळी अक्कांनी विचारलंसुद्धा नाही.

सात दात गेल्यावर मी त्या जागेवरून नुसती तरंगत जायचे. वरचे केस छान बसायचे. बघणाऱ्याला ठिगळी ठणठणीत दिसायची. ती कमी खाऊ लागली तेव्हा काका म्हणाले, "म्हातारी झाली, आता खाणं कमीच व्हायचं." ती खांद्यामागची जागा सारखी चाटू लागली तेव्हा म्हणाले, "स्वच्छतेची भारी हौस हिला." मी सगळं ऐकत होते. अशी हतबलता तुम्हा कोणाच्याच वाट्याला येऊ नये.

मग एका सकाळी माझ्या दातांना रक्त लागलं.

काकांनी केस बाजूला केले. गाठ कोटाच्या बटणाएवढी झाली होती आणि चाटून चाटून फुटली होती. त्यांनी अक्कांना हाक मारली, ठिगळीला पिशवीत घातलं, आणि हातात होते म्हणून मलाही खिशात टाकलं. दुकानाला कुलूप लावायचंही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टरीण बाई शांत होत्या. त्यांनी गाठ बघितली, मग काखेत बोटांनी चाचपलं, आणि बराच वेळ तिथेच चाचपत राहिल्या. बारीक सुईने गाठीतून थोडंसं पाणी काढून काचेवर घेतलं. मग विचारलं, "किती दिवस झाले?"

अक्का म्हणाल्या, "वर्ष होत आलं."

काकांनी खिशातून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. बाईंनी मला उचललं आणि मधल्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

"हे दात तुम्ही काढलेत?"

"ती अडायची," काका म्हणाले. "आधी तीन काढले. मग चार. मला वाटलं, चामखीळ आहे."

बाईंनी मला खाली ठेवलं. "काका, माणसांना चामखीळ उठतात. मांजरांना ते फार क्वचित होतात. मांजराच्या अंगावर नवी गाठ आली की ती तपासावी लागते. पुष्कळदा ती साधीच निघते. पण नुसतं बघून ते मलाही सांगता येत नाही, मग तुम्हाला कसं येईल?"

काका खाली बघत म्हणाले, "लोक माझ्याकडे घड्याळं आणतात. मागे पडतं म्हणून रोज काटा पुढे सरकवून वर्षभर चालवलेली. मी त्यांना फाडफाड बोलतो."

चार दिवसांनी निकाल आला. गाठ वाईट होती, आणि आतपर्यंत पसरली होती. आता कापून उपयोग नव्हता. काकांनी विचारलं, "दाण्याएवढी होती तेव्हा आणली असती तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या खोटं बोलल्या नाहीत. "तेव्हा काढता आली असती. वाचलीच असती असं छातीठोकपणे नाही सांगत. पण संधी होती."

दुखू नये म्हणून औषध दिलं होतं. ते घेऊन ठिगळी तीन आठवडे जगली. काका रोज सकाळी तिला टेबलावर घ्यायचे, पण पाठीला हात लावायचे नाहीत. मला घेऊन नुसतं हनुवटीखाली विंचरायचे. ती मान वर करायची. शेवटी शेवटी तेवढीही वर होईना.

एके दिवशी अकराच्या सुमारास, खिडकीतलं ऊन टेबलावर आलेलं असताना, ती घड्याळांच्या शेजारी झोपली होती ती उठलीच नाही. एक गिऱ्हाईक घड्याळ न्यायला आलं. अक्कांनी त्याला दारातूनच सांगितलं, "उद्या या." मग त्या काकांजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी नुसतं तोंडाने म्हणत राहिले. उचलून न्यायला माझे काय हात मोडले होते?" काका रडत होते. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी मला जे दुःख झालं तेवढं माझे सात दात उपटताना झालं नव्हतं.

महिनाभर मी ड्रॉवरमध्ये पडून होते. मग काकांनी मला बाहेर काढलं. पोलादी तार कापून त्यांनी रोज एक, असे सात दात केले, टोकं गोल केली आणि एकेक जागेवर बसवला. अक्का म्हणाल्या, "आता कशाला रे?" ते म्हणाले, "मोडकं ठेवता येत नाही मला." सातवा दात बसला तेव्हा त्यांनी मला ठिगळीच्या उशीवरून एकदा फिरवलं. माझ्या दातांत तिचे चार-पाच पांढरे केस आले. ते काकांनी काढले नाहीत. तसंच मला ड्रॉवरमध्ये ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल तर आज तिला मांडीवर घ्या. केस उलटे करून कातडी बघा. मानेखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवा. कुठे गाठ लागली तर ती पिळू नका, तिला दोरा बांधू नका, स्वतःचं मलम फासू नका आणि पुढच्या आठवड्याची वाट तर मुळीच बघू नका. मांजर घाबरेल, रुसेल, कपाटाखाली जाऊन बसेल. बसू द्या. ती बाहेर येईल.

मांजराला सांगता येत नाही आणि फणीला बोलता येत नाही. ती कण्हते आणि मी अडते, आम्हा दोघींना एवढंच जमतं. तेवढं ऐका.