भवानीबाईची बिबडी

"आता मी सांगतो ते कोणी खरं मानणार नही, आन् मानूही नका!" आधार आबांनी वांग्यांच्या ढिगामागून अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या मिरचीवाल्या उखर्डूचा तराजू अधांतरी थांबला. "पहिल्या विक्रीले 'भवानी' का म्हणतात, ठाऊक आहे कोणाले? ती माझी खापरपणजी होती!"

"झालं सुरू," उखर्डूनं कपाळाला हात लावला.

आबांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते होतं पलीकडे बसलेल्या सपनाकडे. जामनेरच्या आठवडे बाजारात पोरगी आज पहिल्यांदाच बसली होती. पुढ्यात बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पाकिटं. घरी लाटलेल्या, उन्हात कडकडीत वाळवलेल्या. दुपार कलली तरी भवानी नव्हती. गिऱ्हाईक दिसलं की ती तोंड उघडायची, आणि आवाज फुटायच्या आत गिऱ्हाईक पुढे निघून जायचं. सासूनं, भिकुबाईनं, एकाच बाजाराची मुभा दिली होती. भवानी झाली तर पुढच्या आठवड्यात ये, नाही तर टोपली माळ्यावर.

आबा मघाशी स्वतःच नोट घेऊन गेले होते.

"नको आबा," ती म्हणाली होती. "बाजूच्या दुकानदाराच्या हातची भवानी धरत नहीत. आत्याबाई पहिलं तेच विचारतील."

बाजाराची रीतच ती. आबा नोट खिशात घालून परतले. जन्मभर त्यांनी या जागेवर वांगी आणि थापा विकल्या. वांगी तोलून, थापा सढळ हातानं. वांग्यांनी काम होईना, म्हणून त्यांनी दुसरा माल काढला.

"तर भवानीबाई चोपड्याच्या बाजारात बिबड्या घेऊन बसायची. बिबडी केवढी? बैलगाडीच्या चाकाएवढी! वाळत घालायला सातपुड्याचा उतार लागायचा."

दोन बाया थांबल्या. एकानं मोटारसायकल बंद केली.

"एकदा सकाळपासून एक गिऱ्हाईक नही. तेवढ्यात सोनगीरच्या किल्ल्याचा सरदार आला, घोड्यावर, उन्हानं लाल झालेला. भवानीबाईनं एक बिबडी उभी धरली. तिच्या सावलीत सरदार, घोडा आन् मागची बठ्ठी फौज, पार शेवटच्या शिपायापर्यंत, मावली. गार वाटल्यावर सरदार खाली उतरला, आन् विचारतो, 'काय मावशी, भवानी झाली का?'"

"मग?" भाजीची पिशवी सावरत बेबाबाई पुढे सरकली. बाजारात ही बाई कोथिंबिरीची जुडीसुद्धा दहा ठिकाणी हुंगून घ्यायची.

आबांनी पाण्याचा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि वांगी रचू लागले.

"अहो, मग काय झालं?"

"सांगता येत नही अक्का. खापरपणजीचा दंडक आहे. भवानी न झालेल्या दुकानासमोर ही गोष्ट पुरी करायची नही. आन् ही पोरगी बघा, सकाळपासून तशीच बसलीये."

"थापाड्या म्हातारा!" बेबाबाई फणकारली. चार पावलं गेली. परत आली. "दे गं बाई एक पाकीट. नाही तर रात्री झोप लागायची नाही मला."

सपनानं नोट दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली, कपाळाला लावली. गाल फुगले होते हसण्यानं. मोटारसायकलवाल्यानंही पाकीट उचललं. त्या दोन बायांनी आधी एक बिबडी मोडून चाखली, मग आणखी मागितल्या.

"आता बोला," बेबाबाईनं बजावलं.

"सरदारानं बिबडीचा तुकडा तोडला. कडाड्! आवाज असा गेला की तिकडे सोनगीरच्या किल्ल्याचा दरवाजा आपोआप उघडला. लोक धावत आले, बठ्ठा माल संपला. तेव्हापासून पहिल्या विक्रीले तिचं नाव पडलं. त्याच्या आधी हा शब्द जगात कोणाले ठाऊक नव्हता!"

लोक माना डोलवू लागले. आबांनी पागोटं नीट केलं.

"ओ आबा!"

आवाज एवढा खणखणीत होता, की पार कांद्याच्या ओळीतल्या लोकांनीही मागे वळून पाहिलं. सपना उठून उभी राहिली होती, दोन्ही हात कमरेवर.

"शब्द जर तिच्यापासून निघाला, तर तुमच्या सरदारानं आधीच 'भवानी झाली का' म्हणून कसं विचारलं?"