उलटी लव

त्या घरात टेबल एकच होतं आणि त्याच्यावर हक्क सगळ्यांचा होता; म्हणजे, अशा बाबतीत नेहमी घडतं त्याप्रमाणे, जिला त्याची सर्वांत जास्त गरज होती तिचा सर्वांत कमी. सासूबाई त्यावर पावाची कणीक तिंबत. नणंद त्यावर भाज्यांचा डोंगर रचून तो सावकाश चिरत बसे. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. दिवसभर परक्यांचे ब्रेक दाबून थकलेली पावलं तो संध्याकाळी त्याच टेबलाखाली पसरून बसे. आणि उरलेल्या वेळात, म्हणजे कुणाला भूक नसे तेव्हा, वहिनी त्यावर कापड बेतत असे.

वहिनी हे तिचं नाव नव्हे. पण नणंदेने हाक मारता मारता ते इतकं रुजलं होतं की दूधवाला, शेजारीण आणि चुकून कधी कधी खुद्द नवराही तिला वहिनीच म्हणे. तो म्हणाला की सगळे खदखदून हसत. तीही हसे. प्रेमळ घर होतं ते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना कुणीतरी खलनायक शोधत बसेल आणि हात हलवत परत येईल.

टेबल लागलं की कापड गुंडाळायचं, हा घरचा शिरस्ता. "ऊठ" असं तिला कुणी कधी म्हटलं नाही. म्हणत ते एवढंच, "वहिनी, जरा..." या 'जरा'ला कुणी कमी लेखू नये. मोठमोठी राज्यं 'जरा' सरकत सरकतच पसरलेली आहेत. वहिनी टाचण्या तोंडात धरून उठायची, पडद्याच्या जुन्या काठीवर कापड गुंडाळायची आणि गुंडाळी दाराआड उभी करायची. जेवणं झाली, टेबल पुसलं, सुकलं, की पुन्हा उलगडायची. दोन जेवणांच्या मधल्या फटीत जेवढं शिवून होईल तेवढं तिचं.

म्हणूनच नाटकगृहाच्या कपडेपटातली जागा रिकामी झाल्याचं कळलं तेव्हा ती अर्ज घेऊन धावली. तिथल्या मुख्य बेतणाऱ्या बाईंना सगळे कटरबाई म्हणत. त्यांनी तिचे शिवलेले दोन कपडे उलटे करून आतली शिवण पाहिली. मग कपाटातून गडद हिरवी मखमल काढून तिच्या हातात दिली.

"याचं जाकीट करून आणा. पूर्ण बाह्यांचं. बाही मुंढ्यात कशी बसवता ते मला बघायचंय. सोमवारी सकाळी. कापड मोजूनमापून आहे, चूक करायला शिल्लक नाही."

वहिनीचं लक्ष मात्र त्यांच्या बोलण्यात नव्हतं. खोलीच्या मधोमध एक टेबल होतं. लांबरुंद, कमरेइतकं उंच. त्यावर कात्र्या, कागद, कापड. कुठे पाण्याच्या पेल्याचं वर्तुळ नाही, तुपाचा डाग नाही. त्या टेबलापाशी उभं राहून कापायचं आणि कुणी 'जरा' म्हणायचं नाही! तिला ती नोकरी हवी होती यात शंका नाही; पण खरं सांगायचं तर तिला ते टेबल हवं होतं.

मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर ती निजते, उलट फिरवला तर उठून उभी राहते. जाकिटाचे सगळे भाग लवेच्या एकाच दिशेने बेतावे लागतात. एखादा जरी उलटा बेतला गेला, तर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. म्हणून मखमल पालथी पसरतात आणि कापडाच्या पाठीवर खडूने बाण काढतात. वहिनीने शनिवारी बाण काढला. जाकिटाची पाठ आणि डावा पुढा, म्हणजे छातीवरचा भाग, बेतला. उजव्या पुढ्यासाठी मापाचा कागद उलटा करून ठेवणार, तोच आतून सासूबाईंची हाक आली.

"वहिनी, जरा... चुलीवरचं उतू जातंय, बघशील?"

ती आत गेली ती कांदे चिरेपर्यंत बाहेर आली नाही. तोवर सासूबाई आणि नणंद यांनी बाहेर येऊन तिचं काम हलकं केलं होतं. नणंदेने मखमल काठीवर गुंडाळली. सासूबाईंनी टेबल पुसलं, ताटं मांडली. सगळं इतक्या मायेने, की तिने आभार मानले.

रविवारी त्या घरात सगळे मिळून स्वयंपाक करत. या प्रथेचा सगळ्यांना अभिमान होता. नवरा पाहुण्यांना आवर्जून सांगे की आमच्याकडे पुरुषही भांडी घासतात. घासायचा, हे खरं. वर्षभर लक्षात राहील अशी घासायचा. सकाळी वहिनीने सासूबाईंबरोबर कणीक मळली. हात कोपरापर्यंत लोण्याने माखले. नणंद म्हणाली, "तू धू हात, वहिनी, तोवर मी तुझं कापड पसरून देते. बघ, किती गुणी नणंद आहे मी!"

"गुणी आहेस. नवरा शोधताना हेच सांगू आम्ही," सासूबाई म्हणाल्या. "चिरायला घेतलेल्या शेंगा काल रात्रीपासून तशाच आहेत, ते नाही सांगणार."

वहिनी हसत टेबलाशी आली. मखमल पालथी पसरलेली होती. बाण कुठे दिसला नाही. पुसट झाला असेल असं तिला वाटलं. एरवी तिने कापड उलटून लवेवरून हात फिरवला असता. पण साबणाने धुऊनही बोटांना लोणी लागून होतं, आणि मखमलीवर तेलकट बोट उठलं की ते मरेपर्यंत जात नाही. गुंडाळीचं टोक नेहमी खिडकीकडे उलगडायचं, हा नियम तिनेच घालून दिला होता. टोक खिडकीकडेच होतं. तिने कागद ठेवला, टाचला, कापला. पाव फुगून वर येईपर्यंत घाईघाईने धावदोरा घातला, खांदे जोडले आणि उजेडात पाहावं म्हणून जाकीट खिडकीच्या कडीला लटकवलं.

डावा पुढा गडद हिरवा होता. उजवा फिका, चंदेरी, पाण्यावरच्या शेवाळासारखा. जणू दोन वेगवेगळी माणसं एका जाकिटात शिरायला निघाली होती.

ते सगळ्यांत आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या स्वतः उमेदीच्या काळात उत्तम शिवत. हातातलं लाटणं तसंच धरून त्या म्हणाल्या, "अगं बाई. लव उलटी गेली."

"बाण होता," वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पाठीवर मी खडूने बाण काढला होता."

"तो होय? ती रेघ?" सासूबाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं कुणी खडू सांडला. चांगल्या कापडावर डाग कशाला, म्हणून मी ब्रशने झाडून काढली. काल, गुंडाळायच्या आधी."

"आणि गुंडाळलं कोणत्या टोकाकडून?"

"मी... भिंतीकडून," नणंद म्हणाली. "खिडकीपाशी सुपाचं पातेलं होतं ना. म्हटलं, तुझ्या मखमलीवर सांडायला नको."

म्हणजे कापड वाचवताना ते फिरलं होतं आणि स्वच्छ करताना आंधळं झालं होतं. दोन्ही वेळा तिच्याच भल्यासाठी. वहिनीच्या आत काहीतरी रागाने ताठ उभं राहिलं आणि उगारलेला हात कुणावर उतरवावा ते त्याला कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ.

नवरा जाकिटापाशी गेला, मान तिरकी करून उभा राहिला. "अगं, इथून बघितलं तर फरक नाही दिसत."

"कुठून?"

"इथून. दारामागून. आणि नाटकच आहे ना? लांबूनच बघणार लोक."

"कटरबाई लांबून नाही बघणार."

"मग त्यांना सांग ना खरं काय झालं ते. माणसंच आहेत तीही. आमच्याकडे तर शिकाऊ माणूस पहिल्याच दिवशी भिंतीवर नेतो गाडी. आम्ही काय त्याला हाकलतो?"

"भिंतीवर तो स्वतः नेतो," वहिनी म्हणाली. कुणाला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि विनोद वाटला.

बाह्या अजून बेतायच्या होत्या. त्यांच्या कापडातून उजवा पुढा नव्याने निघाला असता. पण मग बाह्याच उरल्या नसत्या. नाहीतर बाह्या होत्या आणि दोन रंगांचं जाकीट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तेवढ्यात पाव भट्टीतून निघाले. खमंग वास घरभर पसरला. सासूबाईंनी डोळे पुसत टेबलावर ताटं मांडली. सगळ्यांच्या आधी सुनेला वाढलं आणि सर्वांत खरपूस पाव तिच्याच ताटात ठेवला. रडून दाखवण्याची सोयही त्या घराने तिला ठेवली नव्हती. ती मुकाट्याने जेवली. मग निजायच्या खोलीत जमिनीवर धुतलेली चादर अंथरली, हाताला पावडर लावून लवेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला, आणि बाह्यांच्या कापडातून उजवा पुढा काढला. जमिनीवर ओणवं होऊन कापताना पाठीत कळ येत होती. बाहेर नणंद कसलासा किस्सा सांगत होती, सगळे हसत होते, आणि मधूनच कुणीतरी म्हणत होतं, "हळू रे, ती काम करतेय."

सोमवारी कटरबाईंनी बिनबाह्यांचं जाकीट बोटावर लटकवून उजेडात फिरवलं. रंग एकच होता. शिवण सरळ होती.

"बाह्या?"

"कापड पुरलं नाही."

"मी पुरेल तेवढंच दिलं होतं. एक पुढा उलटा बेतलात का?"

"हो."

"कसा?"

उत्तर जिभेवर तयार होतं. रात्रभर तिने तेच घोळवलं होतं. बाण, ब्रश, सुपाचं पातेलं. पण त्या खोलीत ते बोलायचं म्हणजे सासूबाईंना, नणंदेला, खरपूस पावाला साक्षीला उभं करायचं. तिला किळस आली; त्यांची नव्हे, त्या कैफियतीची.

"हात फिरवून बघितलं नाही," ती म्हणाली. "कापायच्या आधी बघायला हवं होतं."

कटरबाईंनी जाकीट उलटं करून आतली शिवण पाहिली. मग कपाटातून मखमलीचा उरलासुरला तुकडा काढून त्यांनी टेबलावर टाकला. "थोडी डागाळलेली आहे, पण बाह्या निघतील. इथे बेता. माझ्यासमोर. अर्धवट कपड्यावर मी होही म्हणत नाही आणि नाहीही."

वहिनी त्या लांबरुंद टेबलाशी उभी राहिली. पाठ ताठ. लवेवरून हात फिरवला, कापड पालथं घातलं, बाण काढला. पहिली बाही निघाली. कात्रीचा आवाज एवढा मोकळा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. दुसरीसाठी कागद उलटा करून ठेवते न ठेवते, तोच दुपारची घंटा झाली आणि दार ढकलून माणसं आत आली. नटांचे बूट शिवणारा, केसांचे टोप विणणारी बाई, इस्त्रीवाला. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी आपापले डबे टेबलावर आदळले, झाकणं उघडली आणि बाकडी ओढली.

"आज काय, वांगी?" टोपवाली बूटवाल्याच्या डब्यात डोकावली.

"रोज विचारते आणि रोज उचलते," बूटवाला म्हणाला. मग वहिनीकडे वळून, "बाई, जरा..."

आगीतून फुफाट्यात. पण त्याहून भयंकर पुढेच होतं. तिने खाली पाहिलं तर तिचे हात आधीच चालू झाले होते. कुणी पुढचा शब्द उच्चारण्यापूर्वीच त्यांनी मखमलीचं टोक उचललं होतं आणि ते काठी शोधत होते. कुणाची माया नव्हती इथे, भीड नव्हती, सासर नव्हतं. बूटवाल्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तरी हात गुंडाळत होते.

तिने ते थांबवले. थांबवायला जोर लागला.

"डबे उचला," ती म्हणाली.

आवाज फार मोठा निघाला. तिला वाटलं, आता कुणाचा तरी चेहरा उतरेल, कुणाचे तरी डोळे भरतील, कुणीतरी जेवणार नाही.

"अरे, हो की. कापताय नाही का तुम्ही," बूटवाला म्हणाला आणि डबा उचलला. टोपवालीने उचलला. इस्त्रीवाल्याने जाता जाता टेबलावर सांडलेला रश्शाचा थेंब स्वतःच्या बाहीने पुसला. सगळे बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले, आणि तिथून लगेच वांग्यावरून भांडण ऐकू येऊ लागलं.

"त्यांना कितीदा सांगितलंय मी," कटरबाई म्हणाल्या. "माझं ऐकत नाहीत. उद्यापासून येत जा. आज ती दुसरी बाही पुरी करा."

वहिनीने मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. कुठेतरी झालाही असेल. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती. दोनच शब्द. कुणी रुसलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. इतकी वर्षं ती ज्याला माया समजून जपत आली त्यात माया किती होती आणि तिचे स्वतःचे आज्ञाधारक हात किती होते, याचा हिशेब लागेना. घरी आता ताटं मांडली जात असतील. आज कुणालाही काही गुंडाळावं लागलं नसेल. नणंद म्हणत असेल, किती मोकळं वाटतंय नाही, टेबल?

तिने कात्री उचलली. दुसरा हात पुन्हा मखमलीच्या टोकाकडे सरकत होता, आणि गुंडाळायला निघालेल्या हाताने मखमल कापता येत नाही. ती कात्री ठेवून उभी राहिली, टेबलावर दोन्ही तळवे टेकून, तो थांबण्याची वाट पाहत.