बारा नंबरच्या खांबावरचे आत्मे

शेवटच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, पण गाडीत कोणी चढत नव्हतं. समुद्रावरून धुकं आलं होतं आणि शे-दीडशे माणसं बारा नंबरच्या विजेच्या खांबाकडे कान लावून उभी होती. वरून आवाज येत होता, सूं... सूं... फुर्रर्र.

"ऐका!" हुंकारबाबांनी हात उंचावले. "गेलेली माणसं बोलतायत! ज्याचं मन शुद्ध, त्यालाच शब्द कळतील."

झालं! मन अशुद्ध असल्याचं चारचौघांत कोण कबूल करणार? बघता बघता सगळ्यांना शब्द कळू लागले. गाडी आली की तिच्या धडधडाटात आत्मे गप्प, गेली की पुन्हा सुरू.

त्या गर्दीत आपल्या सासूबाई पाहून तारवाली वाट काढत त्यांच्याजवळ गेली. ती रेल्वेच्या वरच्या तारांची देखभाल करायची, म्हणून सगळे तिला तारवाली म्हणत.

"अगं, तुझे सासरे हाक मारतायत मला," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बाबा त्यांना गुरुवारी दुपारी मुक्ती देणार. आवाज थांबेल. तोवर हृदयाच्या गोळ्या बंद. औषधाच्या वासाने आत्मा जवळ येत नाही म्हणे."

"आई, दोन जिने चढलं तरी तुम्हाला धाप लागते!"

"लागू दे. त्यांची सुटका होतेय."

गुरुवारी दुपारी? तारवाली थबकली. तिकीटखिडकीशेजारी तिच्याच खात्याची सूचना चिकटवलेली होती : गुरुवारी दुपारी या स्थानकातल्या खांबांची सफाई. बाबांची दिव्यदृष्टी सूचनाफलकापर्यंत नक्की पोचत होती.

ती तडक इंजिनिअरसाहेबांकडे गेली. "साहेब, गुरुवारी पुढचं स्टेशन करू. इथलं शुक्रवारी."

"का गं?"

"एका बाबांचा मुहूर्त हुकवायचाय."

साहेब हसले. क्रम बदलला.

गुरुवारीही धुकं हटलं नव्हतं. बाबांनी राख उधळली, दोन उड्या मारल्या. "शांत हो!"

"फुर्रर्र," खांब म्हणाला.

"शांत हो म्हणतो ना!"

"फुर्रर्र."

बाबांना घाम फुटला. "तुमच्यात कोणीतरी नास्तिक आहे!" ते ओरडले. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

शुक्रवारी वीज बंद करून तारवाली शिडीवर चढली आणि मळकट फडकं घेऊन उतरली. "आई, बोट लावून चाखा."

"खारट!"

"समुद्राचं मीठ. तार पेलणाऱ्या चिनीमातीच्या चकत्यांवर साचतं. धुक्याने ओलं झालं की त्यावरून वीज पाझरते आणि फुरफुरते. एवढेच हे आत्मे."

वीज सुरू झाली. धुकं तसंच होतं, पण खांब गप्प. बाबा पहाटेच्या गाडीने पसार झाले होते. तिकीटखिडकीतल्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे विनातिकीट.

"म्हणजे ते हाक मारतच नव्हते?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

सासूबाई बाकावर बसल्या. मग उसळल्या, "मेल्याने चार दिवस रडवलं मला! चल घरी. गोळी घ्यायचीय."

"आवाज परत आला तर?" गर्दीतून कोणी विचारलं.

"येणारच. खारा वारा थांबणार आहे थोडाच?" तारवाली म्हणाली. "तेव्हा बाबा शोधू नका, स्टेशनमास्तरांना सांगा. आणि कोणी चमत्काराची तारीख आधीच जाहीर केली, तर पाया पडण्याआधी एवढं तरी विचारा, ही तारीख याला सांगितली कोणी?"