एक पाइप कमी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाइप आहे आणि दरवर्षी दोनदा अख्खं गाव मला सलाम ठोकतं. नातेवाइकांत एवढा मान कुणालाच नाही. माझी भावंडं जमिनीखाली आहेत.

खरं तर मलाही खालीच जायचं होतं. सत्त्याण्णव साली आमच्या गावाला, सेनगाव तालुक्यात, पहिली बाई सरपंच मिळाली. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची जिवनबाई. तिने पंचायत समितीत खेटे घालून तांड्यासाठी हातपंप मिळवला. आम्ही सारे पाइप जवळच्या गोरेगावहून जीपच्या टपावर बसून आलो.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या झेंड्याच्या बांबूला एक म्हैस अंग घासायला आली आणि बांबू मोडला. स्वातंत्र्यदिन तोंडावर. उपसरपंच व्यंकटरावांनी मला उचललं.

"ह्यो तांड्याचा हाय. काहून उचलला?" जिवनबाई म्हणाली.

"दोन दिसांची तर गोष्ट हाय, वहिनी."

"मंग दोरी मी वढते. सरपंच मी हाय."

"भावसिंग हाय की! नवरा-बायको काय येगळे असतात व्हय?"

दोरी तिच्या नवऱ्याने, भावसिंगने ओढली. सरपंचबाईंनी पोरांना गोळ्या वाटल्या.

दोन दिवसांनी मला कुणी काढलं नाही. उलट बुडाशी सिमेंट ओतलं. तांड्यावर माझ्याविनाच पंप बसला. बायका हंडे घेऊन उभ्या राहिल्या. दांडा वर-खाली झाला, पंपातून नुसती हवा आली.

"एक पाइप कमी पडला, पाणी अजून खाली हाय," मिस्त्री म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

बैठकीत जिवनबाई म्हणाली, "त्यो खांब काढून द्या."

"ऐका मंडळी!" व्यंकटराव उठले. "बाई झेंडा उतरवाया निघाली!"

अविश्वास ठराव आला. कारण लिहिलं : सरपंच पाणी देऊ शकल्या नाहीत. सगळे हात वर झाले. तांड्याच्या सदस्याचाही. "बाईमाणसाचा कारभार," तो म्हणाला.

भावसिंग बाहेर माझ्या सावलीत बिडी ओढत होता. त्याला म्हणे कुणी आत बोलावलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दूरच्या विहिरीवरून येताना जिवनबाईने डोक्यावरचा हंडा माझ्यापाशी उतरवला. मला घट्ट धरलं.

"तू तरी सांग की रे त्याह्यला."

मला गळा आहे, पण पाइपाचा. त्यात वारा शिरतो आणि घूं घूं होतं. तेवढंच झालं.

ती परत कधी पंचायतीत आली नाही. महिलांची जागा पुन्हा निघाली तेव्हा तांड्यावरची एकही बाई उभी राहिली नाही.

मित्रांनो, मला दरवर्षी रंग देता, हार घालता. नका घालू. झेंड्याला बांबू पुरतो. माझ्या बुडाचं सिमेंट फोडा, मला तांड्यावर न्या. आणि पाणी आलं की पहिला हंडा जिवनबाईला भरू द्या. ती नको म्हणेल. तरी भरू द्या.