बिनआवाजाची मोटार

मामांची मोटार धुराच्या तपासणीत नापास झाली. हे घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण त्यांच्या घरात सध्या तोच नियम आहे.

मोटार विलायती, शंभरीला टेकलेली. तिच्या जातीच्या चालत्या मोटारी आता हाताच्या बोटांवर. मामांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, खडखडाट ऐकून कान किटलेले. हिच्यावर जीव जडला तो एकाच कारणाने: हिला आवाजच नाही. साध्या इंजिनात झडपा टकटक उघडमीट करतात. हिच्या कारागिरांनी झडपाच काढून टाकल्या आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये एकात एक अशा दोन नळ्या बसवल्या. नळ्या वरखाली सरकतात. त्यांची भोकं जुळली की पेट्रोलची वाफ आत, जळका वायू बाहेर. सगळा कारभार तेलात. त्यातलं थोडं तेल जळतं आणि मागून निळा धूर निघतो.

मामींनी बजावलं होतं, "अहो, नापास झाली तर संग्रहालयात द्यायची. घरात दोन म्हाताऱ्या नकोत, आणि माझा नंबर आधीचा आहे."

मामांनी कसून तयारी केली. आवाजाला जागाच उरू नये म्हणून इंजिनात नेहमीपेक्षा भरपूर तेल ओतलं. परीक्षा धुराची आहे हे त्यांना माहीत होतं. फक्त पटत नव्हतं.

"चालू करा," तपासणीच्या शेडमध्ये तपासनीस म्हणाला.

"मघापासून चालूच आहे." मामांची छाती फुगली.

त्याने बॉनेटला कान लावला. "काका, बंद आहे हो."

"मग मागे वळून बघा."

मागे शेड उरली नव्हती. सगळं निळं झालं होतं. रांगेतला ट्रक अधूनमधून हॉर्न वाजवून आपण अजून आहोत याची खात्री करून घेत होता.

"नापास!" धुरातून आवाज आला.

मामांचा चेहरा उतरला. संग्रहालयाचा फोन नंबर सोबत आलेल्या मामींच्या पर्समध्ये होता. मामींनी पर्स उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं आणि कडाडल्या, "नापास कुणाला म्हणता? तुमचा तो पंखा ऐका, डोकं उठलंय माझं! आमची एवढा वेळ उभी आहे, एक शब्द तरी बोलली का?"

"बाई, आम्ही धूर बघतो."

"मग चुकीचं बघता. आम्ही अर्ज करतो. उत्तर येईपर्यंत निकाल लागला असं कुणी म्हणायचं नाही." मग मामांकडे वळून, "बघता काय? लिहा."

मामांनी बॉनेटवर कागद ठेवला. इंजिन चालूच होतं; एक अक्षर हललं नाही.

"महोदय, उपरोक्त वाहनाची तपासणी नाकाने झाल्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला आहे. तरी ती रद्द समजून, कार्यालयातील सर्व पंखे बंद ठेवून, कानाने पुन्हा घेण्यात यावी, व तोपर्यंत सदर वाहन अर्जदाराच्या पत्नीच्या ताब्यात राहू द्यावे, ही विनंती."