अठ्ठावीसवर ठेवलेलं मशीन

कल्पना करा, की तुम्ही एका खोलीच्या दारात उभे आहात. मुकुंदवाडीतली दोन खोल्यांची जागा, त्यातली ही बाहेरची खोली. एका भिंतीला लोखंडी पलंग, समोरच्या भिंतीला टेबल, टेबलावर संगणकाचा पडदा आणि शेजारी त्याची पेटी. मध्ये एक खुर्ची मावेल एवढीच जागा. थंडीचे दिवस आहेत, रविवारची सकाळ आहे आणि रात्रपाळी करून आलेला एक माणूस अंगातला स्वेटरही न काढता पेटीवर वाकून बटण दाबतोय. पुन्हा दाबतोय. आतला दिवा लागतो, पंखा गरकन फिरतो, पण पडदा काळा तो काळाच.

"काय झालं गं याला?" तो म्हणतो.

त्याच्यामागं, आतल्या दारात, तेरा वर्षांची एक मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी आहे. आता तुम्ही तिच्या जागी आहात अशी कल्पना करा. म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही तिच्यावर रागावणार नाही.

माणसाचं नाव कडुबा. मुलगी त्याची धाकटी, तनुजा. चितेगावच्या एका कारखान्यात प्लास्टिकचे डबे पाडणारं मशीन आहे, त्याच्यापुढं उभं राहण्यात कडुबाचं वय गेलं. डबा पडला की उचलायचा, कड तासायची, ठेवायचा. रात्रपाळी बाकीच्यांना नकोशी असायची, म्हणून ती बहुतेक कडुबाच्याच वाट्याला यायची. तो कुरकुर करत नसे. सकाळी कंपनीची बस नाक्यावर सोडायची, घरी येऊन तो चहाबरोबर चपाती खायचा आणि याच पलंगावर दिवसा झोपायचा.

टेबलावरचं मशीन त्याच्या थोरल्या मुलाचं, इंद्रजीतचं. पोरानं आयटीआय झाल्यावर एका वर्कशॉपमध्ये काम धरलं आणि एकेक भाग आणून ते स्वतःच्या हातानं जोडलं. गेम खेळायचं मशीन. त्या दिवसांत तो घरात, गल्लीत, मित्रांत एकच गोष्ट सांगत सुटला होता, "आपलं मशीन बेचाळीसवर चालतं."

बेचाळीस म्हणजे काय, ते कडुबाला कधी कळलं नाही. पण तुम्हाला कळायला हवं. दोरीवरच्या उड्या आठवा. दोरी जितकी जोरात फिरवाल, तितक्या भराभर उड्या माराव्या लागतात. संगणकातला प्रोसेसर अशाच उड्या मारत काम करतो, आणि दोरी किती जोरात फिरवायची याचा एक आकडा आत ठरवून ठेवलेला असतो. हौशी मुलं तो आकडा वाढवतात. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढला की उड्या मारणाऱ्याला ताकद जास्त लागते, म्हणजे वीज थोडी वाढवून द्यावी लागते. आणि अंग तापतं, म्हणजे पंखा जोरात लावावा लागतो. हे दोन्ही न करता नुसताच आकडा वाढवला, तर उड्या मारणारा मटकन खाली बसतो.

मागच्या दिवाळीनंतर इंद्रजीतला ताप आला. चार दिवस घरी, मग दवाखान्यात. तो परत आला नाही.

तेराव्यानंतर रीतीप्रमाणे त्याचे कपडे, अंथरूण, चपला, मनगटावरचं घड्याळ, सगळं देऊन झालं. सोयगावहून आलेला मेहुणा सखाराम टेबलाकडं बोट करून म्हणाला, "दाजी, हे मशीनबी द्या एखाद्या शिकणाऱ्या लेकराला. गेलेल्याची वस्तू घरात ठिवली की जीव घुटमळतो त्याचा."

"ते ऱ्हाऊ द्या," कडुबा म्हणाला.

सखारामनं बहिणीकडं, म्हणजे कडुबाच्या बायकोकडं पाहिलं. दीपमालानं डोळ्याला पदर लावला आणि मधला मार्ग काढला. "चालतंय तवर ऱ्हाऊ द्या. बंद पडलं की देऊन टाकू."

त्यानंतर कडुबाची झोप उडाली. रात्रभर उभं राहून आलेला माणूस दिवसभर छताकडं बघत पडायचा. एक दिवस त्यानं, धूळ धरू नये म्हणून असं स्वतःला सांगत, मशीनचं बटण दाबलं. पडद्यावर डोंगराचं चित्र आलं, खाली परवलीचा शब्द मागू लागलं. तो त्याला माहीत नव्हता आणि त्याला काही करायचंही नव्हतं. तो पलंगावर आडवा झाला. मशीनच्या आत पंखा हळूहळू फिरत होता. कुणीतरी तिथं खुर्चीत बसलंय आणि आपल्याला जाग येऊ नये म्हणून जपून वागतंय, असा तो आवाज होता. कडुबा दुपार टळेपर्यंत झोपला. तेव्हापासून रोज सकाळी आल्यावर आधी बटण, मग चहा.

आणि आज पडदा काळा होता.

"पप्पा," तनुजा म्हणाली, "मी केलं."

"काय केलं?"

"दादा बेचाळीसवर चालवायचा ना. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितला, आकडा कुठं असतो ते. तिथं पासवर्ड लागत नाही. काल संध्याकाळी आत जाऊन पाहिलं तर अठ्ठावीस होतं. मला वाटलं, बंद-चालू करून करून उतरलं आपोआप. म्हणून मी परत बेचाळीस केलं. दादानं ठेवलं होतं तसं." तिनं ओढणीचं टोक सोडलं. "तेव्हापासून लागतच नाही."

आतून दीपमाला हात पुसत आली. काळ्या पडद्याकडं बघून म्हणाली, "बंद पडलं का?" तिनं ते का विचारलं, हे कडुबाला बरोबर समजलं.

"चप्पल घाल," तो तनुजाला म्हणाला. "रिझवानकडं जाऊ."

"झोपा की जरा. रातभर जागलाव," दीपमाला म्हणाली.

"आल्यावर झोपतो."

रिझवान हा इंद्रजीतचा मित्र. पैठण गेटच्या मागच्या गल्लीत त्याचं संगणक दुरुस्तीचं एका शटरचं दुकान होतं. मोटारसायकलवर मागं बसून तनुजानं मशीनची पेटी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. गतिरोधक आला की कडुबा गाडी इतकी हळू करायचा, की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवायचे.

"अरे चाचा, सलाम! या, या. बसा." रिझवाननं स्टूल पुढं केलं आणि चादरीतली पेटी पाहून त्याचा चेहरा बदलला. "इंद्याचं मशीन."

"लागंना झालंय," कडुबा म्हणाला. "पोरीनं काहीतरी आकडा वाढवला म्हणं."

"क्या की गं तू?"

तनुजानं सगळं सांगितलं. रिझवान ऐकता ऐकता पेटीचे स्क्रू काढत होता. "एकदम बेचाळीस? व्होल्टेज वाढवलं नाही?"

"ते काय असतं?"

"झालं. आमची शिष्या लई पुढं गेली, चाचा." तो हसला, पण चिडवण्यापुरताच. "ऐक. एका टायमाला एकच आकडा. चालवून बघायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा, बरं वाटलं तर पुढचा. इतक्या पायऱ्या एका उडीत चढशील तर तोंडावरच पडशील ना? रडू नको. जळलं नाही काही."

घड्याळात असतो तसा एक गोल सेल आत असतो. केलेले बदल मशीन त्याच्या जिवावर लक्षात ठेवतं. रिझवाननं तो नखानं उचकटून काढला, चहा पिऊन होईपर्यंत टेबलावर ठेवला आणि परत बसवला. दुकानातला पडदा जोडून बटण दाबलं. पांढरी अक्षरं उमटली.

कडुबा स्टुलावरून अर्धा उठला. "चालू झालं का?"

"झालं ना. बघा, सगळं कंपनीसारखं. छत्तीसवर आलं."

"छत्तीस?" तनुजानं विचारलं. "आधी तर अठ्ठावीस होतं."

"अडतीस असेल."

"नाही, अठ्ठावीसच. मी नीट बघितलं."

रिझवानचा पेचकस हातातच राहिला. "अठ्ठावीस कसं असेल? कंपनीचंच छत्तीस आहे. आपोआप खाली येत नसतं ते. कुणी हातानं उतरवलं तरच उतरतं."

"उतरवतंय कशाला कुणी?" कडुबानं विचारलं.

"तापू नये म्हणून. वेग उतरवला की व्होल्टेज, म्हणजे आत जाणारी वीज, उतरवता येते, मग मशीन गार राहतं, पंखा हळू फिरतो. आवाज येत नाही. बाकी काय फायदा नाही, चाचा. नुकसानच आहे. गेम अडकतो." तो थांबला, मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणून हरायचा काय साला. आम्ही चौघं खेळायचो ना, हा कायम मागं. लई खेचायचो त्याची. तुझा सीपीयू आहे का चुन्याची डबी, म्हणायचो. तर म्हणायचा, बेचाळीसवर है बे, तुम्हारा नेटच स्लो है. एकदाही बोलला नाही, की उतरवून ठेवलंय म्हणून."

कडुबा स्टुलावर बसून होता. त्याला ते पहिले दिवस आठवले. मशीन नवं होतं, तेव्हा पोराच्या सुट्टीच्या दिवशी पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं घरघरायचं. कडुबा भिंतीकडं तोंड करायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा. पोराला मात्र एका शब्दानं बोलला नव्हता. हौसेनं केलंय, खेळू दे, असं त्याला वाटायचं. काही दिवसांनी आवाज थांबला. आपल्या कानाला सवय झाली, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"तसंच करून देतो का परत?" त्यानं विचारलं. "त्यानं ठेवलं होतं तसं?"

रिझवाननं मान खाली घातली. "त्याचे फोटो, गेम, सगळं आहे, चाचा. त्याला काय झालं नाही. पण सेल काढला की हे आतलं सगळं विसरतं. अठ्ठावीस करता येईल, पण व्होल्टेज किती दिलं होतं, पंखा कसा बांधला होता, ते त्यालाच ठाऊक. बसून बसून, ऐकून ऐकून केलं असेल त्यानं." मग घाईनं म्हणाला, "बेचाळीस करून देऊ का? नीट करतो. मोठा पंखा बसवतो."

"नगं," कडुबा म्हणाला. "चालू झालं, बास."

रिझवाननं चहाचेसुद्धा पैसे देऊ दिले नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत तो पेटी उचलून सोबत आला.

घरी पोचेपर्यंत दुपार झाली होती. तनुजानं सगळ्या वायरी जोडल्या. डोंगराचं चित्र आलं. दीपमालानं ते पाहिलं आणि जेवणाचं ताट आणायला आत वळली, तेव्हा तिचा चेहरा सकाळपेक्षा सैल दिसला. मशीन राहणार होतं.

कडुबा दोन घास खाऊन आडवा झाला. पंखा एकदम चढायचा, जरा उतरायचा, पुन्हा चढायचा. यंत्र तेच होतं, पण त्याच्याशेजारी बसून जपणारं कुणी नव्हतं.

"लई आवाज करतंय हे आता," दीपमाला दारातून म्हणाली. "बंद करू का?"

"ऱ्हाऊ दे."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि टॉवेल डोक्याला गुंडाळला.

बऱ्याच वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जमिनीवर खरडू नये म्हणून कुणीतरी ती उचलून सरकवली होती. कडुबानं डोळे उघडले नाहीत. मशीन बंद झालं, पुन्हा लागलं. कळा जपून दाबल्या गेल्या. पंखा तसाच चढला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग थोडी शांतता. कुणीतरी ऐकत बसलं होतं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. या खेपेला पंखा चढता चढता अर्ध्यावर थांबल्यासारखा वाटला.

टॉवेलाच्या फटीतून कडुबानं हळूच पाहिलं. तनुजा खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. एका हाताची बोटं पेटीच्या अंगाला लावलेली, तापतंय का बघत. पडद्यावर पस्तीस होतं, मग चौतीस झालं. मध्येच एकदा पडदा काळा झाला तशी ती दचकली, हात जोडून बसून राहिली, आणि पुन्हा उजेड आल्यावर एक पायरी मागं जाऊन परत सुरुवात केली. एकेक आकडा ती खाली उतरत होती. इंद्रजीतही असाच बसला असेल, कुठल्याशा दुपारी, याच खुर्चीत.

उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर गेली. आवाज हळूहळू विरत विरत खोलीभर पसरलेल्या कुजबुजीएवढा राहिला. अगदी पूर्वीसारखा नव्हता. थोडा वेगळा होता.

तनुजानं पेटीवरून हात काढला आणि पप्पांना जाग तर आली नाही ना, हे बघायला ती मागं वळली. कडुबानं पटकन डोळे मिटून घेतले आणि गाढ झोपलेल्या माणसासारखा श्वास लांब केला. ती थोडा वेळ पाहत राहिली असावी. मग उठली, पायाशी सरकलेली चादर त्याच्या खांद्यापर्यंत ओढली, आणि आवाज न करता परत जाऊन त्या खुर्चीत बसली.