डोंगरावरचा धूर

हत्ती नदीच्या पात्रातून वर चढले तेव्हा कावेतू सहा नंबरच्या तंबूतल्या चादरी बदलत होती. जाळीच्या खिडकीतून तिला ते दिसले. पुढे म्हातारी हत्तीण, मागे दोन तरण्या, त्यांच्या पायांत घोटाळणारं पिल्लू. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, मोठ्या झाडांची सावली सोडून ते उघड्या खडकावर निघाले होते. पिल्लू मागे रेंगाळलं, तर म्हातारीने त्याला सोंडेने ढकललं. खायला-प्यायला वर काही नव्हतं. नुसते तापलेले दगड.

कावेतूच्या हातातली चादर हातातच राहिली.

तीन दिवस पूर्वेच्या पठारावर, फार लांब, ढगांची एक काळी कड दिसत होती. इथे आभाळ निळंशार. इथे दोन वर्षांत थेंब पडला नव्हता. नदी म्हणायची ती वाळूचीच, गाड्या तिच्यातून धूळ उडवत जायच्या. पण आज सकाळपासून वारा पूर्वेचा होता आणि त्याला चिखलाचा वास होता.

ती लोथारसाहेबांकडे गेली. साहेब पर्यटकांच्या या तंबूंच्या मुक्कामाचे व्यवस्थापक. जर्मन घराण्यातले, पण जन्म इथलाच, नामिबियातला. इथली भाषाही अर्धीमुर्धी यायची. ते पात्रातल्या मोठ्या बाभळीखाली उभे राहून संध्याकाळचं टेबल कुठे मांडायचं ते दाखवत होते. शेवटच्या रात्री पाहुण्यांना नदीच्या मधोमध जेवायला बसवायचं, अशी इथली पद्धत. यावेळी पाहुणे दोनच होते, एक वयस्कर नवराबायको, फार लांबून आलेले.

"साहेब, आज टेबल वर मांडा. खडकावर."

"का गं?"

"हत्ती वर गेले."

"हत्तींना आमंत्रण नव्हतंच," लोथार हसले. "आभाळ बघ. एक ढग तरी दिसतोय?"

"इथलं आभाळ बघून काय करायचं, साहेब? नदी काय इथल्या आभाळाला विचारून येते?"

गाडीच्या चाकाशी चांबिरू बसला होता. कावेतूच्या बहिणीचा मुलगा. माग काढण्यात आणि गाडी हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो म्हणाला, "साहेब, मावशीचं ऐका. मागच्या वेळी ऐकलं नाही तर स्वयंपाकघरातला फ्रीज समुद्राला जाऊन मिळाला."

"ते अकरा वर्षांपूर्वी. आणि तेव्हा मी इथे नव्हतो."

"फ्रीज अजून तिथेच असेल. मासे गार पाणी पीत असतील."

साहेबही हसले, पण टेबल हललं नाही. पाहुण्यांनी नदीतलं जेवण मागितलं होतं, त्यांना ते मिळणार होतं. "आणि रेडिओ बंद ठेवा सगळ्यांनी," ते म्हणाले. "काल जेवताना तो खरखरत होता. लोक इथे शांततेसाठी येतात. शांततेवरच आपलं पोट आहे."

कावेतूची लेक न्गारूए पांढरा टेबलक्लॉथ झटकत होती. एकोणीस वर्षांची, तीन महिन्यांपूर्वीच कामाला लागलेली. कावेतूने तिला बाजूला घेतलं. "आज तब्येत बरी नाही म्हणून सांग. वर चल माझ्याबरोबर."

"आई, साहेबांनी पहिल्यांदाच मला वाढायला उभं केलंय."

"पुढच्या वेळी वाढ."

"पुढच्या वेळी मला विचारणार आहेत का?" मग लेकीचा आवाज जरा मऊ झाला. "तू जा, तुझी वेळ झाली. आजोबांचा धूर बघितल्याशिवाय मी ताटाला हात लावत नाही, माहीत आहे ना तुला? मी बघेन. जा."

कावेतूला जावंच लागणार होतं. तिच्या वडिलांचा, काचितेओचा विस्तव डोंगराच्या सोंडेवर होता, इथून अर्ध्या तासाची चढण. आई गेल्यापासून एकवीस वर्षं तो विस्तव राखण्याचा नेम तिच्याकडे होता. सूर्य उगवायच्या आत घरातला निखारा बाहेर आणून त्या जागी ठेवायचा, सूर्य मावळायच्या आत त्याला लाकूड द्यायचं. बाळंतपणात तो तिच्या थोरल्या बहिणीने राखला, तेवढाच काय तो खंड. मुक्कामावर कामाला लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, दोन वेळा मला सोडावं लागेल, पगार हवा तर कमी करा.

त्या विस्तवापाशी काचितेओ रोज पहाटे बसायचा आणि पूर्वजांची नावं घ्यायचा. सगळ्यांत जुन्यापासून सुरुवात करून स्वतःच्या वडिलांपर्यंत. मग गुरांचं दूध त्याच्यापुढे यायचं. त्याने ओठ लावल्याशिवाय वाडीत कोणी घोटभर दूध घेत नसे, मग ते तान्हं लेकरू का असेना. आणि विस्तव व घराचं दार यांच्या मधून कोणी चालत जात नसे. ती वाट गेलेल्यांची.

घरचा कर्ता जिवंत असेतो तो विस्तव जिवंत. कर्ता गेला की तो विझू द्यायचा. म्हणून नदीच्या पात्रातून, चराईच्या माळावरून, जिथे असतील तिथून घरचे लोक दिवसातून दोनदा मान वर करून ती धुराची रेघ पाहायचे. दिसली की मनातल्या मनात नमस्कार करायचे आणि कामाला लागायचे. ती नाही असा दिवस अजून उगवला नव्हता.

कावेतू वर पोहोचली तेव्हा सूर्य अजून दोन हात वर होता. काचितेओ आपल्या बुटक्या स्टुलावर, विस्तवाच्या पलीकडे बसला होता. डोळ्यांनी आता त्याला उजेड तेवढा कळायचा. त्याने तळवा जमिनीवर टेकलेला होता.

"कावेतू?"

"हो, ताते."

"चपला काढ. उभी राहा. काय लागतंय पायांना?"

तिने चपला काढल्या. आधी काही नाही. मग तळव्यांना बारीक थरथर लागली, एखाद्या मोठ्या जनावराच्या छातीवर पाय ठेवावा तशी.

"दुपारपासून आहे," म्हातारा म्हणाला. "आधी वाटलं, माझंच काळीज. मग म्हटलं, माझं काळीज एवढं जोरकस कुठलं राहिलंय."

कावेतूने पूर्वेकडे पाहिलं. नदी डोंगरांच्या घळीतून बाहेर पडते तिथे धूळ उठली होती. वाऱ्याची नव्हती ती. खाली दाट, वर फिकी, आणि पुढे सरकणारी. तिच्या खालून एक आवाज येत होता, दळणाच्या जात्यासारखा. कोरड्या नदीत पाण्याच्या आधी लाकडं आणि दगड येतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

खाली पात्रात पांढरा ठिपका दिसत होता, ते टेबल. त्याच्याभोवती मुंगीएवढी माणसं. बसलेली दोन. उभी असलेली तीन. त्यातली एक न्गारूए.

तिने कमरेचा रेडिओ काढला. "साहेब! लोथारसाहेब! चांबिरू! पाणी आलं, वर या!" बटण सोडलं, ऐकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा ऐकलं. नुसती खरखर. शांतता विकत घेतलेली माणसं शांततेत बसली होती. ती कड्यावर जाऊन ओरडली. वारा तिच्या तोंडावर होता. हाक तिच्याच घशात परत आली. धावत उतरलं तरी पाव तास. धुळीला तेवढा वेळ लागणार नव्हता.

ती परत फिरली आणि विस्तवासमोर येऊन थांबली. मोपानीचं लाकूड शांतपणे धुमसत होतं. पातळ धूर वाऱ्याने कलत वर जात होता. खाली कोणी अजून मान वर केली नसेल. पण सूर्य टेकायच्या आधी करतील. न्गारूए करेल. चांबिरू तर सतत करतो, धुरावरूनच तो दिशा ओळखतो.

"का गप्प झालीस?" काचितेओने विचारलं.

तिने पुन्हा खाली पांढऱ्या ठिपक्याकडे पाहिलं.

"कावेतू, मघापासून ओरडत होतीस. आता का गप्प?"

"ताते..." तिने हात वाळूत रोवले. "ताते, मला तुमची परवानगी..."

  आवाज एका वळणाने जवळ आला. म्हाताऱ्याने हात पुढे करून विस्तवाची ऊब चाचपली, थंडीत लोक चाचपतात तशी, आणि हात परत घेतला.

"गेलेल्या माणसाची परवानगी कोणी मागतं का, बाळ?" तो म्हणाला, आणि आपलं स्टूल उचलून दोन पावलं मागे सरकला.

तिने वाळू ओतली. दोन्ही ओंजळींनी, गुडघे टेकून. हात भाजले, तिला ते नंतर कळलं. प्रत्येक ओंजळीबरोबर तिच्या तोंडून आपोआप एकेक नाव येत होतं, वडिलांकडून रोज ऐकलेलं. हियांगुंगो. म्बाएवा. कापिका. क्षमा करा, क्षमा करा. धुराने एकदा आचका दिला, दाट झाला, मग त्याच्या चिंध्या झाल्या. मग काहीच उरलं नाही. डोंगराच्या सोंडेवर आभाळ उघडं पडलं.

आणि ती खाली पाहत राहिली.

एक मुंगी थांबली. नुसती थांबली. मग तिच्या हातातून काहीतरी पांढरं पडलं, आणि ती धावत सुटली. दुसरी गाडीकडे पळाली. बसलेली दोघं उठली. गाडी त्यांच्यापाशी गेली, थांबली, निघाली. तिसरा माणूस हात हलवत मागे धावत होता; तोही कसाबसा चढला. वाटेत न्गारूएलाही गाडीत ओढून घेतलेलं कावेतूला दिसलं. गाडी काठ चढून खडकावर आली आणि सरळ डोंगराच्या वाटेला लागली.

तेवढ्यात नदी वळणावरून आली.

पाण्यासारखं काही आधी दिसलंच नाही. झाडांच्या बुंध्यांची एक भिंतच चालत आली, तिच्या दातांत फेस. ती टेबलापाशी आली आणि टेबल नव्हतं. बाभळीपाशी आली, बाभळ थोडी वाकली, मग झोपली. पांढरा टेबलक्लॉथ एकदा वर आला, पसरला, आणि तांबड्या चिखलात ओढला गेला.

गाडी थांबायच्या आत न्गारूए उतरली. ती रडतच पळत येत होती, मेलेल्याच्या घरी येतात तसा हंबरडा फोडत. विस्तवाच्या जागेपाशी तिचे पाय सवयीने वळले. दार आणि राख यांच्या मधून न जाता ती लांबून फिरून आली. आणि स्टुलावर आजोबा बसलेले पाहून जागच्या जागी खिळली.

"आजोबा?"

काचितेओने मान हलवली नाही.

चांबिरू मागून आला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, राखेकडे पाहिलं, कावेतूच्या हातांकडे पाहिलं. मग नदीकडे पाहिलं. सगळं त्याला तिथल्या तिथे कळलं. माग काढणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम. त्याने टोपी काढली.

लोथारसाहेब शेवटी आले. धापा टाकत, पांढरेफटक. "मी म्हटलं, पाहुण्यांना टाकून कुठे निघालात! हा म्हणतो, आजोबा गेले, गाडीत बसायचं तर बसा... मी चांगला रागावलो याच्यावर..." ते नदीकडे बघून बोलायचे थांबले. मागे ती वयस्कर बाई नवऱ्याचा हात घट्ट धरून उभी होती. 

मग साहेब कावेतूकडे निघाले, दाराच्या आणि राखेच्या अगदी मधून, सरळ. त्यांना कोणी थांबवलं नाही. थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कावेतू, तू... हा विस्तव तू आमच्यासाठी विझवलास?" त्यांनी खिशातून लायटर काढून पुढे धरला.  "पेटव ना मग. पेटव परत. एवढंच ना?"

"खिशात ठेवा साहेब ते," चांबिरू हलकेच म्हणाला.

"पण ते तर जिवंत आहेत!"

"म्हणूनच," चांबिरू म्हणाला. "नवा विस्तव वारस पेटवतो. गेलेल्याच्या मागे. ते असताना कसा पेटवायचा?"

 रस्ता पाण्याखाली गेला होता, म्हणून पाहुणे त्या रात्री वाडीतच राहिले. कावेतूच्या भावजयीने त्यांना दुपारची उरलेली मक्याची लापशी दिली. त्यांनी ती निमूटपणे खाल्ली. अंगणात उजेड नव्हता. कोणाला वेगळी शेकोटी करायचा धीर झाला नाही.

कावेतू पहाटे सवयीने उठली. निखारा उचलायचं खापर तिने हातात घेतलं, चिंधी बांधलेल्या हातांनी, आणि अंगणात येऊन उभी राहिली. खाली नदी अजून वाहत होती. तिच्या आवाजापुढे पाखरांचा आवाज ऐकू येत नव्हता.

काचितेओ थंड राखेपुढे येऊन बसला होता. रात्रभर तो कोणाशी बोलला नव्हता. आता तो नावं घेऊ लागला, रोजच्यासारखी, त्याच चालीत. कावेतूच्या छातीवरचं ओझं क्षणभर हललं. बोलतायत, तिला वाटलं. बोलतायत ते.

गुराखी दूध काढून घेऊन आले. लाकडी भांडी ओळीने म्हाताऱ्यापुढे ठेवली. भावजय कडेवरचं तान्हं घेऊन लांब उभी राहिली. ते भुकेने कुरकुरत होतं. न्गारूए आईला चिकटून उभी होती.

"हियांगुंगो," काचितेओ म्हणत होता. "म्बाएवा. कापिका. चिपोंडा." चिपोंडा त्याचे वडील. तिथे नावं संपायची, आणि तो पहिल्या भांड्याला ओठ लावायचा.

तो थांबला. त्याने श्वास घेतला.

"काचितेओ," तो म्हणाला.

मग त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. पुढ्यातल्या दुधावर साय धरू लागली. तान्हं रडायला लागलं, आणि कोणी हललं नाही.